हॉटेलातील टिप आणि कामगाराचा पगार: गिऱ्हाइकाने नेमके काय करावे?

प्रश्न: शाहूनगरकर, सातारा

नमस्कार. हॉटेलात जेवण झाले की बिलाबरोबर आलेल्या बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे किंवा दहा-वीसची नोट ठेवून उठायचे, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पाळली आहे. आता साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत बहुतेक ठिकाणी टेबलावरच क्यूआर कोड असतो. बिलाची रक्कम थेट मालकाच्या खात्यात जमा होते, आणि ज्या मुलाने न सांगता पाण्याचा तांब्या भरून ठेवला, गार झालेली भाकरी आपणहून बदलून आणली, त्याच्या हाती काहीच पडत नाही. खिशात रोख ठेवण्याची सवयच मोडत चालल्यामुळे हे सर्रास घडते आणि ते मनाला खटकते.

याच्या उलट अनुभव महामार्गावरील एका मोठ्या हॉटेलात आला. तेथे बिलात दहा टक्के ‘सेवा शुल्क’ आधीच लावलेले होते. व्यवस्थापकाला विचारले तेव्हा ‘ते सगळे पोरांनाच वाटतो’ असे उत्तर मिळाले. वाढणाऱ्या मुलाला नंतर विचारले, तर असे काही वाटले जाते हेच त्याला ठाऊक नव्हते. पगार किती आणि सुट्टी कधी, एवढे विचारल्यावर त्याने गल्ल्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. असे शुल्क देणे बंधनकारक आहे का? आपण टिप देतो तेव्हा त्या मुलाचे भले होते, की त्याच्या पगाराचा काही भार मालकाच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर येतो? आणि भटारखान्यात चुलीपुढे उभा असलेला आचारी, मागे भांडी घासणाऱ्या बाया, ज्यांचे तोंडही गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यांच्यापर्यंत यातले काही पोहोचते का?

उत्तर: विश्रामबाग, सांगली

माझे सांगलीत छोटे शाकाहारी हॉटेल आहे, त्यामुळे मालकाची बाजू मांडणे माझे काम आहे असे समजून लिहितो.

सेवा शुल्काचे मी समर्थन करीत नाही. पदार्थाची किंमत जी लावायची ती मालकाने उघडपणे दरपत्रकात लावावी. मात्र पगार कमी असण्याचे सगळे खापर मालकाच्या लोभावर फोडणेही बरोबर नाही. हॉटेलच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण नोव्हेंबर २०१७ पासून त्यावर आम्हाला खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. गॅस, भाडे, विजेच्या साहित्यापासून भांड्यांपर्यंत जो कर आम्ही भरतो तो आमच्याच अंगावर पडतो. घरपोच मागवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलातून ॲपवाले कमिशन कापून घेतात. थाळीचे दर दहा रुपयांनी वाढवले तर रोजचे गिऱ्हाईक दोन दिवस येत नाही. यातून मार्ग काढत माणसे सांभाळावी लागतात. जत, आटपाडीकडची मुले तर येतातच, पण आता ओडिशा, बिहार आणि नेपाळमधून आलेल्या मुलांशिवाय सांगली-मिरजेतील निम्मी हॉटेले चालणार नाहीत. त्यांच्या राहण्याची, दोन्ही वेळच्या जेवणाची आणि चहा-नाश्त्याची सोय आम्हीच करतो, आणि गावी लग्न किंवा आजारपण निघाले की उचलही देतो.

आमच्याकडे टिपचा एक डबा आहे. वाढणाऱ्याने मिळालेली टिप त्यात टाकायची आणि रविवारी रात्री आचारी, वाढपी, टेबल पुसणारा आणि भांडी घासणाऱ्या दोन बाया यांच्यात ती सारखी वाटायची. सुरुवातीला वाढणाऱ्यांनी कुरकुर केली, कारण त्यांचा वाटा कमी झाला. पण भाजी बिघडली तर टिप मिळत नाही आणि भाजी आचाऱ्याच्या हातात असते, हे त्यांनाही पटले. क्यूआरमुळे डब्यात आता फारसे पडत नाही. म्हणून एका वाढप्याच्या नावाचा वेगळा कोड डब्याशेजारी लावला आहे आणि त्यात आलेले पैसेही रविवारच्या हिशोबात धरतात.

गिऱ्हाइकाने खुशीने चार पैसे दिले तर मुलाला हुरूप येतो, हे मी रोज पाहतो. ती पद्धत बंद पडू नये असे मला मनापासून वाटते.

उत्तर: मेढेकर

मी जावळी तालुक्यातला असून महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत वाढपी आणि नंतर कॅप्टन (वाढप्यांचा प्रमुख) म्हणून काम केले आहे. विश्रामबाग यांच्यासारखा डबा प्रामाणिकपणे वाटणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण टिपमुळे हुरूप येतो एवढ्यावर विषय संपत नाही.

पर्यटनाच्या गावी कामावर घेतानाच सांगितले जाते की पगार एवढाच आहे, पण ‘वरची कमाई चांगली आहे’. म्हणजे गिऱ्हाईक जे देणार आहे ते मालकाने आधीच पगाराच्या हिशोबात धरलेले असते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात ही वरची कमाई खरोखर चांगली असते. जून लागला, धुके उतरले आणि पाऊस कोसळू लागला की खोल्या रिकाम्या पडतात. तेव्हा निम्म्या मुलांना गावी पाठवले जाते आणि उरलेल्यांना मूळ पगारावर पावसाळा काढावा लागतो. घरचे भाडे, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे यांना हंगाम नसतो. बँकेत कर्जासाठी गेले तर टिपचा कागद कोठून दाखवणार? भविष्यनिर्वाह निधी कापला जात असलाच, तर तोही कागदावरच्या पगारावर. ग्रॅच्युइटीचा हिशोबही त्याच पगारावर होतो. गरम तेलाने हात भाजून माणूस घरी बसला की टिप त्या दिवसापासून बंद होते.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ज्याच्या घरचा किराणा टिपवर चालतो, त्याला गिऱ्हाइकाचे काहीही ऐकून घ्यावे लागते. रात्री अकरानंतर दारू पिऊन आलेली मंडळी एकेरीवर येतात, शिवी देतात, मुलीला उद्देशून बोलतात, तरी हसून ‘आणखी काही आणू का, साहेब’ म्हणावे लागते. पगार पुरेसा असता तर त्याच मुलाने मालकाला बोलावून आणले असते.

खोल्या साफ करणाऱ्या बायांची स्थिती याहून वाईट आहे. त्या पाहुणा बाहेर गेल्यावर येतात आणि तो परत येण्याआधी निघून जातात. चादरी बदलणे, संडास घासणे, कपड्यांचे गाठोडे जिन्याने खाली नेणे हे सर्वांत कष्टाचे काम त्या करतात, आणि निघताना पाहुणा जी नोट देतो ती दारात बॅग उचलणाऱ्याच्या हातात जाते. भिलार, मेटगुताड, तापोळा या बाजूच्या गावांतून पहाटे चालत किंवा जीपने येणाऱ्या या बायांना टिप मिळते म्हणून पगार कमी, असे सांगणे हा उघड अन्याय आहे.

शाहूनगरकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की टिप जरूर द्या, पण तिच्यामुळे मुलाचा पगार भागतो असे समजू नका.

उत्तर: कामगार-सल्लागार, सातारा

येथे कायद्याची स्थिती नीट मांडणे गरजेचे आहे, कारण मालक आणि कामगार या दोघांच्याही बोलण्यात ‘चालत आले आहे’ हे कारण वारंवार येते.

प्रथम सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार हॉटेलला सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, ते दुसऱ्या नावानेही वसूल करता येत नाही, आणि ते देणार नसाल तर प्रवेश नाही असेही म्हणता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, काही काळ त्यांना स्थगितीही होती. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळून सूचना कायम केल्या. म्हणून आपण ते शुल्क काढून टाकण्यास सांगू शकता. न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल मात्र जपून ठेवावे.

आता पगार. १९४८ चा किमान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हॉटेल आणि उपाहारगृहांसाठी महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर पूर्वीपासूनच अधिसूचित आहेत. ते कामाच्या कौशल्यानुसार आणि गावाच्या परिमंडळानुसार वेगवेगळे असतात, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. हे किमान वेतन देण्याची जबाबदारी मालकाची आहे. टिप मालक देत नाही, गिऱ्हाईक देते. त्यामुळे किमान वेतनातील तूट टिपने भरून निघाली असे मालकाला म्हणता येत नाही. आयकराच्या एका वादातही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, हॉटेलमार्फत कार्डावर गोळा होऊन कर्मचाऱ्यांना वाटली जाणारी टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असेच ठरवले आहे.

विश्रामबाग यांनी मांडलेली अडचण खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मालकाची ऐपत हा किमान वेतन नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या क्राउन ॲल्युमिनियम प्रकरणापासून सातत्याने सांगितले आहे. किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. १९८२ च्या एशियाड बांधकाम कामगारांच्या प्रकरणात तर न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगारी ठरवली. किमान वेतनात काय बसले पाहिजे, याचे निकष १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले होते. कमावत्या माणसामागे तीन घटकांचे कुटुंब, प्रत्येकी रोज २७०० उष्मांकांचे (कॅलरींचे) अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी २० टक्के, असा तो हिशोब होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. महाबळेश्वरच्या वाढप्याचा पावसाळ्यातील पगार या हिशोबाला धरून आहे का, एवढे ताडून पाहिले तरी वस्तुस्थिती स्पष्ट होते.

राहणे आणि जेवण यांची किंमत मालकाने आपल्या मर्जीने ठरवून किमान वेतनातून कापणेही नियमाला धरून नाही. ज्या हॉटेलात १० किंवा अधिक माणसे आहेत तेथे राज्य कामगार विमा लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला त्याचे संरक्षण मिळते, आणि मेढेकर यांनी सांगितलेल्या भाजण्याच्या प्रसंगात उपचार आणि रजेच्या काळातील भरपाई तेथूनच मिळायची असते. वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्यनिर्वाह निधी. हे सगळे मिळण्यासाठी कामगाराचे नाव हजेरीपटावर असावे लागते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या हॉटेल कामगारांपैकी बहुतेकांकडे वेतनचिठ्ठी नसते, नेमणूकपत्र तर दूरच. नव्या संहितेनुसार वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा आहे, जादा तासांचा मोबदला किमान दुप्पट दराने द्यायचा आहे, आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

उत्तर: मिरजकर, सध्या अमेरिकेत

टिपवर पगार टांगला की काय होते याचे उदाहरण म्हणून येथील परिस्थिती थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ताशी ७.२५ डॉलर हे संघीय किमान वेतन २००९ पासून आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी केवळ २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालते, बाकीचे टिपमधून भरून निघाले असे धरले जाते, आणि न निघाल्यास फरक मालकाने द्यायचा असतो. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. या प्रथेची मुळे गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळापर्यंत जातात. पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल म्हणून घेतले, तुटपुंजा पगार दिला आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपवर सोडले. आज येथे जेवणाऱ्याला पंधरा-वीस टक्के टिप देणे सामाजिक सक्तीसारखे झाले आहे, आणि कॉफीच्या दुकानातही पैसे भरताना पडद्यावर टिपचे पर्याय समोर येतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांनी मात्र ही सवलत ठेवलेली नाही. तेथे टिप असो वा नसो, राज्याचे पूर्ण किमान वेतन मालकालाच द्यावे लागते, आणि तेथील हॉटेले चालू आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून टिपमधून मालकाला काहीही कापून घेता येत नाही आणि तिची वाटणी न्याय्य पद्धतीने करावी लागते. आपल्या कायद्यात टिपची सवलत नाही ही मोठी जमेची बाजू आहे, आणि ती बोलीभाषेतील ‘वरच्या कमाई’मुळे गमावू नये, असे मला वाटते.

उत्तर: मार्केट यार्ड, सांगली

हळदीच्या अडतीत माझे आयुष्य गेले. हॉटेलच्या प्रश्नावर उत्तर शोधताना अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्याच जिल्ह्यांतील माणसांनी एक वाट घालून दिलेली आहे.

हमालाचीही एके काळी हीच स्थिती होती. आज या व्यापाऱ्याचे पोते उचलले, उद्या त्या. मालक नक्की कोण ते सांगता येत नसे, मजुरी हातावर मिळे, आणि पाठ मोडली की घरी बसावे लागे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यात कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे कामगाराची नोंद होते, व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही (मजुरीवर द्यायची जादा रक्कम) मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार देते. कामगार चार दुकानांत काम करो की चाळीस, त्याची नोंद एकच राहते. त्यातही दोष आहेत, नोंदणी अपुरी आहे आणि मधल्या मध्ये खाणारे लोकही शिरले आहेत, हे मी नाकारीत नाही. तरी नोंद झालेला हमाल आणि न झालेला हमाल यांचे म्हातारपण मी शेजारी-शेजारी पाहिले आहे, आणि दोघांत फार अंतर आहे.

महाबळेश्वरात हंगामापुरती आणि शहरात हॉटेले बदलत काम करणारी माणसे याच प्रकारच्या प्रश्नात अडकलेली आहेत. गिऱ्हाइकाकडून दहा टक्के घ्यायचेच असतील, तर ते मालकाच्या गल्ल्यात न जाता अशा एखाद्या मंडळात जावेत, आणि त्यातून आचाऱ्याला, भांडीवालीला, खोल्या झाडणाऱ्या बाईला आजारपणात व म्हातारपणी पैसे मिळावेत, ही मागणी हॉटेल कामगारांनी करायला हवी. आजवर ती जोराने झालेली नाही, कारण हा कामगार विखुरलेला आहे आणि मालकाच्याच जागेत झोपतो.

शाहूनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. ते बिल मी जपून ठेवले आहे आणि १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे.

आणखी एक गोष्ट विचारतो. पुढील महिन्यात आमच्या घरी लग्न आहे आणि मंगल कार्यालयातील जेवणाचा ठेका केटररला दिला आहे. पंगतीत वाढणारी मुले आणि मुली रोजंदारीवर येतात, सकाळी सातला आलेल्यांना रात्री अकरापर्यंत उभे राहावे लागते. त्यांच्या हाती आम्ही वेगळे पैसे द्यावेत का, आणि त्यांची मजुरी नीट मिळते की नाही हे यजमानाने कसे पाहावे?

कामगार-सल्लागार, सातारा

मजुरी देण्याची जबाबदारी केटररची आहे, आपली नाही. पण ठेका लेखी असेल तर त्यात तीन ओळी घालून घेता येतात: वाढप्यांची संख्या, त्यांची रोजची मजुरी आणि कामाचे तास. ताट किती रुपयांना हे ठरवताना आपण घासाघीस करतो, आणि ती घासाघीस बहुतेक वेळा याच मजुरीतून वसूल होते, हे ठरवतानाच लक्षात घ्यावे. दुपारची आणि रात्रीची पंगत असेल तर दोन पाळ्यांत वेगळी माणसे लावायला सांगावे. त्यांचे जेवण शेवटच्या पंगतीनंतर उरलेल्यावर न ठेवता वेळेत वाढले जाईल, हेही आधीच बोलून घ्यावे. वेगळे पैसे द्यायचे असल्यास मुकादमाकडे न देता काम संपल्यावर प्रत्येकाच्या हातात द्यावेत, आणि भांडी घासणाऱ्या बायांना बोलावून घ्यावे, कारण त्या स्वतःहून पुढे येत नाहीत.